ससे एका रात्रीत दगावले तर: कोकणात ससे पाळणाऱ्या घरांसाठी

पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सगळी नोकरी देवगड, राजापूर, लांजा याच पट्ट्यात गेली. निवृत्त झालो तरी वाडीतले लोक ‘डॉक्टर’ म्हणूनच हाक मारतात. मी डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या हाताखाली राबलेला माणूस. हल्ली गुरांपेक्षा सशांचेच फोन जास्त येतात आणि बहुतेक फोनांची सुरुवात एकच असते: ‘रात्री पालो खाल्ल्यानी, सकाळी बघतंय तर पाच आडवे. खयचा इंजेक्शान देव?’

सशांच्या विषाणूजन्य रोगांवर रोग बरा करणारं इंजेक्शन नाही, हे आधीच सांगून टाकतो. जे करायचं ते रोग दारात यायच्या आधी, आणि आलाच तर पहिल्या काही तासांत. मधल्या धावपळीत पैसे तेवढे जातात.

ज्याला खरोखर घाबरावं असा रोग म्हणजे सशांचा रक्तस्रावी रोग, ज्याला डॉक्टर मंडळी ‘आरएचडी’ म्हणतात. तो पहिल्यांदा दिसला १९८४ साली, चीनच्या जिआंगसू प्रांतात, जर्मनीहून आणलेल्या अंगोरा सशांत. वर्षभराच्या आत तिथले सुमारे १४ कोटी पाळीव ससे मेले. १९८६ मध्ये तो इटलीत पोचला, मग बाकी युरोपात पसरला. २०१० मध्ये फ्रान्समध्ये या विषाणूचा दुसरा प्रकार सापडला आणि जुन्या रोगातल्या काही सवलतीही गेल्या. जुन्या प्रकारात दोन महिन्यांखालची पिल्लं सहसा वाचत, नवा प्रकार पिल्लांनाही मारतो. जुना प्रकार फक्त पाळीव जातीच्या सशांचा होता, नवा रानातल्या काही जातींच्या सशांनाही होतो. आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जो काळ्या मानेचा ससा फिरतो तो पिंजऱ्यातल्या सशाचा लांबचा नातेवाईक आहे. दोघांची वीण होत नाही. पण युरोपात त्याच्या भाऊबंदांना हा रोग झालेला आहे, म्हणून ‘रानातल्याला काय होणार’ असं म्हणून मेलेले ससे सड्यावर फेकू नका.

विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते तीन दिवसांत ताप येतो. सशाचं अंग मुळातच गरम, साडेअडतीस ते चाळीस अंश. ताप त्याच्या वर जातो. त्यानंतर बारा ते छत्तीस तासांत खेळ संपतो. यकृत सडतं, आतल्या आत रक्ताच्या गुठळ्या होतात. काही ससे मान मागे टाकून पाय झाडतात, किंचाळतात, काहींच्या नाकाशी रक्ताळलेला फेस येतो. पण बरेचसे काहीच न दाखवता मरतात. नाकाला रक्त नाही म्हणजे तो रोग नाही, असं धरून चालू नका.

मिक्सोमॅटोसिस या दुसऱ्या रोगाचे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत, त्यामुळे घबराटही भरपूर. पापण्या सुजून डोळे बंद होतात, दुधासारखा पू येतो, कानांच्या मुळाशी आणि शेपटीखाली सूज चढते, दहा-बारा दिवसांत ससा मरतो. हा रोग दक्षिण अमेरिकेतला. १९५० मध्ये ऑस्ट्रेलियाने रानटी सशांचा सुळसुळाट आवरायला तो मुद्दाम सोडला, १९५२ मध्ये फ्रान्समधल्या एका डॉक्टरने आपल्या जमिनीवरच्या सशांसाठी सोडला आणि पुढच्याच वर्षी तो समुद्र ओलांडून इंग्लंडला गेला. डास आणि पिसवा तो पसरवतात. आपल्याकडे डोळे चिकटलेला ससा दिसला तर दहातल्या नऊ वेळा ते मुताच्या वाफेने चुरचुरलेले डोळे नाहीतर पाश्चुरेला नावाच्या जंतूची सर्दी असते. कानात खपल्या असतील तर ती खरूज. मिक्सोमॅटोसिसचं नाव घेण्याआधी पिंजऱ्याखालची लीद काढा.

विषाणूंपैकी आणखी एक रोटा. तो दूध तोडलेल्या पिल्लांना जुलाब लावतो. तेव्हा खुराक थांबवून सुकं गवत आणि स्वच्छ पाणी द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. घरातल्या डब्यातली माणसांची अ‍ॅमॉक्सिसिलिनची गोळी कुस्करून अजिबात देऊ नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि त्यानेच ससा दगावतो. रोगाने मेला असता तो औषधाने मेला, असं व्हायला नको.

आधी बघा, विषाणूच आहे का

कोकणात सशांच्या सामूहिक मरणाची कारणं बहुतेक वेळा दुसरीच असतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोन ते चारच्या दरम्यान मेले तर ते उन्हाचे बळी. कान लालबुंद, तोंड उघडं, हनुवटी लाळेने ओली. पत्र्यावर चुडतं अंथरा, भोवती ओली गोणपाटं सोडा, कानांना ओला फडका लावा. महिना-दीड महिन्याची पोट फुगलेली पिल्लं जुलाबाने एकेक करून जात असतील तर कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले परजीवी. त्याला औषध आहे, लेंड्या तपासून घ्या.

पावसाळ्यातलं कारण निराळंच. एका बचत गटाच्या शेडवर ऑगस्टमध्ये मला बोलावलं होतं. ससे रोज दोन-तीन जात होते आणि गावात ‘चिनी रोग’ आल्याची बोंब झाली होती. पिंजरे चकाचक, पाणी स्वच्छ. मी खुराकाची गोण बघायला मागितली. ती मांगराच्या कोपऱ्यात, सारवलेल्या जमिनीवर, चिऱ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेली. वरची ओंजळ कोरडी, वासाला बरी. हात कोपरापर्यंत आत घातला तर तळाचा खुराक कोमट लागला. मूठ बाहेर काढली तेव्हा कांडी फुटून पीठ झालेलं, बोटांना पांढरट-हिरवी बुरशी आणि वास जुन्या चपलेचा. खुराक वरवरचाच काढत गेल्या असत्या तर आठ-दहा दिवस काही कळलं नसतं. कोणीतरी गोण उलटी करून तळाचा खुराक भांड्यांत भरला होता आणि तिथून मरायला सुरुवात झाली. गोण बंद केली, सुकं गवत सुरू केलं, मर थांबली. बुरशीचं विष यकृतावरच बसतं, आणि रक्तस्रावी रोगसुद्धा यकृतच खातो. म्हणून पोट फाडून बघून कोणी छातीठोक निदान केलं तरी प्रयोगशाळेशिवाय मानू नका. आणि गोणी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा करू नका, दुकानदार कितीही सूट देवो.

उंदराचं औषध शेडमध्ये टाकलंय का, हेही घरात सगळ्यांना विचारा. त्यानेही नाकातोंडातून रक्त येतं, आणि टाकणारा सहसा गप्प बसतो.

मग विषाणूचा संशय कधी घ्यायचा? मरणारे ससे मोठे, भरल्या अंगाचे, आदल्या संध्याकाळपर्यंत खाणारे असतील. एका पिंजऱ्यातून शेजारच्या पिंजऱ्यात मर सरकत असेल. ऊन, खुराक, विष यांचा मेळ बसत नसेल. आणि गेल्या आठवडाभरात नवा ससा, उसना नर, दुसऱ्या शेडवरून आलेला माणूस किंवा पिंजरा यांपैकी काहीतरी घरात आलेलं असेल. या चौथ्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त भर.

दार सांभाळणं

कोकणात रोग आत यायचा मोठा रस्ता म्हणजे चाकरमानी. गणपतीला किंवा मेच्या सुट्टीत मुंबईहून येताना पोरांसाठी पांढरा ससा टोपलीत घालून आणतात. दहा दिवस पोरं खेळतात, मग जाताना ‘तुमच्याकडे इतके आहेत, त्यात एक’ म्हणून ठेवून जातात. पाहुण्याचं मन मोडायचं नसतं हे मलाही कळतं. ठेवून घ्या, पण तीस दिवस घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या भांड्यात, आणि त्याचं सगळं करायचं ते आपल्या सशांचं झाल्यावर, सगळ्यात शेवटी. आणि नको झालेला ससा सड्यावर सोडायचा नाही. तो तिथे कुत्र्याच्या तोंडी जाईल ते वेगळंच, पण रोग घेऊन गेला तर रानातल्यांना कोण दवाखान्यात नेणार?

दुसरा रस्ता उसना नर. मादी फळवायला शेजारच्या वाडीतला नर आणायचा आणि परत पोचवायचा, ही पद्धत बकऱ्यांवरून सशांत आली. दोन वाड्यांचे रोग एकत्र करायला याहून सोपी युक्ती नाही. स्वतःचे दोन नर पाळा, खर्च फार नाही.

तिसरा रस्ता टेम्पो. ‘पिल्लं आम्ही देतो, मोठी झाली की आम्हीच विकत घेतो’ असल्या योजना कोकणात येऊन गेल्या. नावं घेत नाही, ज्यांचे पैसे बुडाले त्यांना ती पाठ आहेत. पैशांइतकीच वाईट गोष्ट ही की चार जिल्ह्यांतले ससे एकाच टेम्पोत भरून दारोदार वाटले जायचे. घ्यायचेच असतील तर एकाच शेडवरून, स्वतः जाऊन, तिथली लीद, नाकं आणि खुराकाची गोण बघून घ्या.

आरएचडीच्या विषाणूचा चिवटपणा लक्षात घ्या. सावलीत, कोरड्या जागी तो काही महिने जिवंत राहतो. कापडाला लागला तर नेहमीच्या हवेत तीन महिन्यांहून जास्त टिकल्याची नोंद आहे. थंडीने मरत नाही, डीप फ्रीजमध्येही नाही. म्हणजे दुसऱ्याच्या शेडवर घातलेली चप्पल आणि लुंगी हीसुद्धा वाहनंच. शेडच्या दाराशी एक जुनी चपलांची जोडी फक्त आतल्यासाठी ठेवा. व्यापारी आला तर त्याला पडवीत चहा द्या, शेडमध्ये नेऊ नका. सशाची पिल्लं बघायला वाडीतली पोरं येतात, त्यांना बाहेरून दाखवा.

माश्याही हा विषाणू वाहतात. ऑस्ट्रेलियात १९९५ मध्ये वॉर्डांग बेटावर या विषाणूची चाचणी चालली होती, चहूबाजूंनी समुद्र, कुंपणं, सगळा बंदोबस्त. तरी तो निसटून मुख्य भूमीवर पोचलाच, आणि संशय माश्यांवर आहे. समुद्र ओलांडणाऱ्याला तुमचा गडगा काय अडवणार? म्हणून शेडला मच्छरदाणीची बारीक जाळी लावा. आमच्याकडे बंदरावरचं फाटकं जाळं फुकट मिळतं म्हणून तेच लावतात. त्याने मुंगूस अडेल, माशी नाही. लीद रोज उचलून झाकलेल्या खड्ड्यात टाका. आणि डास जावेत म्हणून पिंजऱ्याखाली नारळाच्या सोडणांचा धूर करू नका, सशाची फुप्फुसं नाजूक असतात.

चाऱ्याचं म्हणाल तर जमिनीवरच्या गवतापेक्षा झाडाचा पाला बरा: हादगा, शेवगा, पांगारा, फणस, थोडा सुबाभूळ. सुबाभूळ थोडाच, त्यात मिमोसिन नावाचं विष असतं. गवत कापायचंच तर जिथे कुत्री-कोल्हे हगतात, जिथे रानातले ससे चरतात तिथलं नको. मेलेला ससा खाल्लेल्या कोल्ह्याच्या, कुत्र्याच्या विष्ठेतूनही हा विषाणू बाहेर पडतो.

रात्री बत्ती घेऊन सड्यावर सशामागे जाणाऱ्यांनाही एक सांगायचंय. रानातल्या सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ते तुम्हाला माहीत आहे आणि तरी चालतं, तेही मला माहीत आहे. पण मारलेला ससा आणून खळ्यात सोलायचा आणि त्याच हातांनी पिंजऱ्यात पाला टाकायचा, याला काय म्हणावं? शिवाय रानातल्या सशाच्या कानांत गोचीड असते. दोडामार्ग, बांदा भागात माकडतापाने माणसं गेलेली आपण पाहिली आहेत, आणि तो विषाणू गोचिडीतूनच येतो. रानात मेलेला ससा दिसला तर हात लावू नका, वनखात्याच्या माणसाला कळवा.

लशीबद्दल लोक विचारतात. युरोपात आरएचडी आणि मिक्सोमॅटोसिस दोन्हींच्या लशी वापरतात. आपल्याकडे कोणी बाटली आणून विकायला लागला तर ती आधी सरकारी डॉक्टरांना दाखवा. लेबल, तारीख आणि बर्फात आली की खिशात, हे तेच बघतील.

मर सुरू झाली त्या दिवशी

पहिला ससा मेल्यावर शेड बंद करा. एकही ससा बाहेर जाणार नाही, एकही आत येणार नाही. ‘मरायच्या आत विकून टाकू’ हा विचार मनात येणारच, प्रत्येकाच्या येतो. तुम्ही विकलेला ससा तिसऱ्या दिवशी दुसऱ्याची शेड रिकामी करेल. आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९ च्या केंद्राच्या कायद्याप्रमाणे सूचीतल्या रोगाचा संशय आला तर कळवणं मालकावर बंधनकारक आहे. जनावरांच्या दवाखान्याच्या मदतीसाठीचा १९६२ हा फोन लावा नाहीतर तालुक्याचा दवाखाना गाठा. फोनवर रडगाणं नको, चार गोष्टी सांगा: एकूण किती, मेले किती, कोणत्या वयाचे, आणि नवीन काय आणलं होतं.

ताजा मेलेला ससा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून घाला. घरी कापू नका. मासळीचा थर्माकोलचा खोका कोणाकडेही मिळेल; खाली बर्फ, मध्ये ससा, वर बर्फ, झाकणाला चिकटपट्टी, आणि तो खोका परत मासळीला वापरायचा नाही. दवाखान्यातून नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातो. विषाणू यकृतात सर्वाधिक सापडतो, म्हणून ससा कुजायच्या आत पोचला पाहिजे. उन्हात दिवसभर पडलेला ससा पाठवून काही कळत नाही.

बाकीचे मेलेले पुरा. कातळावर खड्डा होत नाही आणि खाली मळ्यात पावसाळ्यात दोन फुटांवर पाणी लागतं, ही आपली अडचण. मळा टाळा. विहीर आणि पऱ्या यांपासून लांब, उंचवट्यावरची मातीची जागा बघा, चार-पाच फूट खणा, चुना टाका, वर चिऱ्याचे तुकडे रचा म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. जागाच नसेल तर जाळा, पूर्ण राख होईपर्यंत. खाडीत टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही.

खाण्याचा प्रश्न येतोच. आरएचडी आणि मिक्सोमॅटोसिस हे दोन्ही माणसाला होत नाहीत. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियात मेंदूज्वराची साथ आली तेव्हा लोकांनी मिक्सोमॅटोसिसच्या विषाणूला दोष दिला. त्यावर फ्रँक फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि इयान क्लुनीज रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी तो विषाणू स्वतःला टोचून घेतला आणि तिघेही ठणठणीत राहिले. तरी आपोआप मेलेला ससा रश्शात घालू नका. तो कशाने मेला हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि ते धुतलेलं पाणी परसात जाऊन परत पिंजऱ्याशी येतं.

आता सफाई. सॅनिटायझर या विषाणूवर भरवशाचं नाही, आणि फिनेलचा नुसता वास म्हणजे सफाई नव्हे. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर घ्या, ताजी. हवा लागून ढेकळं झालेली असेल तर तिच्यात दम उरलेला नसतो. दहा लिटरच्या बादलीला दीडशे ग्रॅम. पण आधी लीद खरवडून, साबणाच्या पाण्याने घासून, मुताचा पांढरा थर पूर्ण काढा. घाण असली की क्लोरीन तिच्यावरच खर्च होतं, आणि मुतावर टीसीएल पडलं तर डोळे-घसा जाळणारा वायू उठतो. अ‍ॅसिड तर जवळही आणू नका. निवळी, म्हणजे वरचं स्वच्छ पाणी, फवारून दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या, मग धुवा. लोखंडी जाळ्यांवर ब्लो लॅम्पची ज्योत फिरवा, लाकडी पेट्या सरळ जाळून टाका. लाकडाच्या चिरांतून विषाणू निघत नाही.

वाचलेले ससे दिसायला बरे असले तरी महिना-दीड महिना विषाणू टाकत राहतात, त्यांना हलवू नका. सगळेच गेले असतील तर शेड तीन-चार महिने रिकामी ठेवा. कौलं काढून ऊन आत घेता आलं तर उत्तम, म्हणून पावसाळ्यात मर झाली असेल तर दिवाळीनंतरचं कोरडं ऊन लागल्याशिवाय नवीन ससे आणण्याचा विचारही नको. आणि आणाल तेव्हा आधी दोनच, स्वस्तातले, मोठ्या वयाचे. जिथे पहिल्यांदा मर सुरू झाली होती त्याच कोपऱ्यात त्यांना ठेवा. महिनाभर खात-पीत राहिले तर बाकीचे आणा, ते दोन जिथून आणले त्याच शेडवरून.